पाळणाघर : सवलत नव्हे, हक्क

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता देशात अमलात आल्या. संपाच्या अधिकारावर आणि नोकरीच्या शाश्वतीवर त्यांनी घातलेल्या घावांविषयी कामगार चळवळीने आवाज उठविला, हे योग्यच झाले. पण या गदारोळात एक प्रश्न बाजूला पडला. सामाजिक सुरक्षा संहितेने १९६१ चा प्रसूती लाभ कायदा आपल्या पोटात घेतला आणि २०१७ च्या दुरुस्तीने त्यात आलेल्या मुख्य तरतुदी कायम ठेवल्या. पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा आणि ५० अगर त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर, या त्यांतल्या प्रमुख होत. कागदावर या तरतुदी देखण्या आहेत. परंतु सव्वीस आठवडे म्हणजे सहा महिने. सत्ताविसाव्या आठवड्यात आई कामावर निघाली की त्या मुलाला कोणाच्या कडेवर द्यायचे, या प्रश्नाचे उत्तर देशातील बहुसंख्य श्रमिक मातांना जुन्या कायद्याने दिले नव्हते आणि नव्या संहितेनेही दिलेले नाही.

हा प्रश्न घरगुती समजला जातो. त्यामुळे तो मोर्चाच्या मागणीपत्रकात शेवटच्या ओळीत येतो आणि वाटाघाटीच्या वेळी सर्वांत आधी सोडून दिला जातो. वेतन, महागाई भत्ता, बोनस हे अर्थशास्त्राचे विषय आणि तान्ह्या मुलाचे दूध, झोप, आजारपण हे बायकांचे विषय, अशी वाटणी चळवळीनेही नकळत मान्य केली आहे. ही वाटणी मुळातच चुकीची आहे. श्रमशक्ती रोज सकाळी कारखान्याच्या दाराशी किंवा कचेरीच्या पायरीशी येऊन उभी राहते, ती कोणीतरी आदल्या रात्री आणि त्या पहाटे घरात राबून उभी केलेली असते. हा खर्च मालकाच्या हिशेबवहीत लिहिला जात नाही आणि सरकारच्या राष्ट्रीय उत्पन्नातही धरला जात नाही. तो स्त्रीच्या अंगावर पडतो.

लहान मुले असलेल्या नोकरदार आईचा दिवस कसा उगवतो, हे कार्यकर्त्यांच्या घरांतही पाहायला मिळते. मुंबईच्या उपनगरात तो नळाला पाणी येण्याच्या वेळेवर सुरू होतो. पाणी भरणे, कणीक मळणे, दोन-तीन डबे भरणे, मोठ्याची शाळेची तयारी, धाकट्याची आंघोळ, सासऱ्यांचा चहा आणि या सगळ्यातून सवड मिळाली तर स्वतःच्या पोटात काही ढकलणे. मग धाकट्याला शेजारणीच्या किंवा गल्लीतल्या पाळणाघराच्या स्वाधीन करून गाडी गाठायची. तो रडत असेल तर थांबायला वेळ नसतो आणि न रडला तर तेही मनाला लागते. संध्याकाळी परतताना गाडीच्या बायकांच्या डब्यात भाजी निवडली जाते. बाहेरच्यांना याचे कौतुक वाटते. वस्तुतः प्रवासाचा तासभरदेखील त्या स्त्रीला विसाव्यासाठी मिळत नाही, एवढाच त्याचा अर्थ. घरी येताच मूल आधी, मग स्वयंपाक, मग अभ्यास, मग भांडी आणि मग उद्याची तयारी.

ही सगळी रचना एका गृहीतावर उभी असते की कोणीही आजारी पडणार नाही. मुलाला ताप आला, शेजारीण गावी गेली किंवा शाळेला अवचित सुट्टी मिळाली, की ती कोसळते. अशा वेळी रजा कोणी काढायची याची घरात चर्चादेखील होत नाही. आईची रजा जाते. ती संपली की बिनपगारी रजा, मग साहेबांची नाराजी, मग बढतीच्या यादीतून वगळणे आणि पुष्कळदा अखेर राजीनामा. 'घरच्या कारणास्तव' एवढे दोन शब्द त्या कागदावर असतात. कंत्राटावरच्या आणि रोजंदारीवरच्या बाईला तर राजीनाम्याचाही प्रश्न नसतो. तिच्या जागी दुसऱ्या दिवशी दुसरी बाई येते.

या अनुभवाला आकड्यांचाही आधार आहे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला २८९ मिनिटे देतात, तर घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटे. मुलांची व घरातील इतरांची देखभाल करणाऱ्या १५ ते ५९ वयाच्या स्त्रियांची दिवसाला १४० मिनिटे खर्च होतात, पुरुषांची ७४. यातही मेख अशी की, हे पुरुषांचे आकडे जे मुळात अशा कामाला हात लावतात त्यांचे आहेत आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांचे प्रमाण शंभरात तीसपेक्षाही कमी आहे. याचा अर्थ असा की, नोकरी करणारी स्त्री दोन पाळ्या करते, तिला वेतन मात्र एकाच पाळीचे मिळते.

जिथे शेजारीणही नाही आणि पाळणाघराचे पैसेही नाहीत, तिथे ही दुसरी पाळी थोरल्या मुलीकडे जाते. आठ-दहा वर्षांची ती मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन दारात उभी दिसते. शाळेच्या हजेरीपटावर तिचे नाव असते, वर्गात ती नसते. आईच्या मजुरीची किंमत मुलीच्या शिक्षणाने चुकविली जाते आणि वीस वर्षांनी ती मुलगी स्वतः अकुशल मजूर आणि आई झाली की तेच चक्र पुन्हा सुरू होते. मुलींची शाळागळती कमी करण्यासाठी सायकली आणि गणवेश वाटणाऱ्या शासनाने ती कडेवरची मुले एकदा मोजायला हवीत.

हा प्रश्न आजचा नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांत विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात कामगारांपैकी सुमारे एकपंचमांश स्त्रिया होत्या. १९२२ च्या सुमारास मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरने गिरणगावातील कामकरी मातांची पाहणी केली, तेव्हा कामावर जाताना मुलाला अफूची गोळी देऊन निजविण्याची रीत घरोघर आढळली. त्या माता निर्दय नव्हत्या. बारा तास मूल शांत राहावे यासाठी त्यांच्या हाती तेवढे एकच साधन होते. पुढे ना. म. जोशी यांनी १९२४ साली मध्यवर्ती विधिमंडळात प्रसूती लाभाचे विधेयक आणले, ते मंजूर झाले नाही. १९२८ साली मुंबई विधिमंडळात तशाच विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला. प्रसूतीच्या आगेमागे आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि म्हणून त्याचा भार बऱ्याच अंशी सरकारने उचलला पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९२९ साली मुंबई इलाख्याचा कायदा झाला. भार मात्र मालकावर ठेवण्यात आला.

त्यानंतर जे घडले ते प्रत्येक समाजवादी कार्यकर्त्याने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. काही दशकांतच गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण नगण्य झाले. नवी यंत्रे, रात्रपाळीवरची बंदी, स्त्रिया असत त्या खात्यांतील कपात, अशी अनेक कारणे त्यामागे होती. त्यांत मालकाचा साधा हिशेबही होता : ज्या कामगारासाठी प्रसूतीचा आणि पाळणाघराचा जादा खर्च येतो, तो कामगार नकोच. कायदा चांगला होता, परंतु त्याची किंमत एकट्या मालकाच्या माथी मारल्याने ती फिरून स्त्रीच्याच माथी आली.

कायद्याच्या भाषेत आज पाळणाघरांची वाण नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने पाळणाघर सक्तीचे केले आणि १९७६ च्या दुरुस्तीनंतर ३० हून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांना ते लागू झाले. १९५१ च्या मळे कामगार कायद्यात, १९६६ च्या विडी कामगार कायद्यात, १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात तशाच तरतुदी होत्या. पण संख्येचा उंबरठा ठेवला की तो चुकविण्याची वाटही खुली होते. तीस स्त्रियांची अट असेल तेव्हा एकोणतिसांवर भरती थांबते. पन्नास कर्मचाऱ्यांची अट असेल तेव्हा हजेरीपट तीन कंत्राटदारांत वाटला जातो. शिवाय देशातील श्रमिकांपैकी सुमारे नऊ दशांश असंघटित क्षेत्रात आहेत. धुणीभांडी करणारी, शेतमजुरी करणारी, घरात बसून विड्या वळणारी किंवा कपडे शिवणारी बाई कोणत्या पन्नासात मोजायची? अलीकडच्या श्रमशक्ती सर्वेक्षणात स्त्रियांच्या सहभागाचा दर वाढून २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्क्यांवर गेल्याचा गाजावाजा झाला. परंतु ही वाढ मुख्यतः ग्रामीण भागातील स्वयंरोजगारात आणि घरच्या धंद्यातील बिनमजुरीच्या मदतीत आहे. तिथे मालकही नाही, मग पाळणाघर कोण देणार?

या प्रश्नाची सर्वांत भीषण बाजू महाराष्ट्राने आपल्या साखरेच्या गोडव्याआड दडवून ठेवली आहे. दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर, जालना या जिल्ह्यांतून लाखो माणसे ऊसतोडीला निघतात. मुकादम उचल देतो ती एका माणसाला नव्हे, कोयत्याला. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटे, अनेकदा त्याही आधी, फडात उतरायचे, ऊस तोडायचा, पाचट काढायचे, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहून गाडी भरायची. तान्हे मूल बांधावर झोळीत, चालते मूल पाचटात. वाहन रात्री आले तर गाडी रात्री भरायची. एक दिवस चुकला तर खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीतून कापले जातात. बाळंतपणाची रजा, पाळणाघर, दूध पाजण्याची सुटी हे शब्द या फडात पोचलेलेच नाहीत. मासिक पाळीने आणि आजारपणाने पडणारे खाडे टाळण्यासाठी स्त्रिया गर्भाशय काढून टाकतात, ही बातमी २०१९ साली देशभर गाजली. राज्य सरकारच्या समितीपुढे बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीतून आलेला आकडा १३,८६१ शस्त्रक्रियांचा होता. ज्या व्यवस्थेत आई होण्याची किंमत इतकी आहे की स्त्रीने आपले शरीरच बदलून घ्यावे, त्या व्यवस्थेला सहकार म्हणायचे काय, हा प्रश्न सहकाराच्या नावाने निवडून येणाऱ्यांना विचारला गेला पाहिजे.

हे अटळ आहे असे मानण्याचे कारण नाही. याच महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी पाड्यांत शाळाच मुलांच्या अंगणात नेली. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हा त्यांचा विचार होता आणि 'अंगणवाडी' हा शब्द त्यातूनच रूढ झाला. १९६९ साली दिल्लीत मीरा महादेवन यांनी बांधकामाच्या जागेवर मजूर स्त्रियांच्या मुलांसाठी फिरते पाळणाघर सुरू केले. ते काम १९७२ मध्ये मुंबईत आणि पुढे पुण्यातही आले. महाराष्ट्राच्या रोजगार हमीच्या कामांवर मुलांसाठी सावली आणि सांभाळणारी बाई असावी, असा दंडक होता. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यातही सहा वर्षांखालची पाच अगर अधिक मुले कामावर असल्यास एका स्त्रीला त्यांच्या देखभालीसाठी नेमून तिला मजुरी द्यावी, अशी तरतूद होती. म्हणजे मूल सांभाळणे हेही मजुरीचे काम आहे, हे तत्त्व राज्याने एकदा लेखी मान्य केलेले आहे. ते सोयीस्करपणे विसरले गेले, एवढेच.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने देशभर अंगणवाड्यांचे जाळे विणले. एकट्या महाराष्ट्रात त्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. पण अंगणवाडी चालते दिवसाचे काही तास आणि बसायला येतात ती तीन ते सहा वर्षांची मुले. तीन वर्षांखालच्या मुलाच्या वाट्याला फक्त घरी न्यायचा आहार येतो. ज्या वयात मुलाला एकटे ठेवताच येत नाही, त्याच वयासाठी राज्याकडे जागा नाही. २०२२ पासून 'पाळणा' या योजनेखाली अंगणवाडीला पाळणाघर जोडण्याचे धोरण केंद्राने स्वीकारले आहे. धोरण योग्य आहे, पण गरजेच्या मानाने त्याचा पसारा तुटपुंजा आहे. आणि हा वाढीव भार पडणार कोणावर? अंगणवाडी सेविकेवर. तिला शासन कर्मचारी मानत नाही. ती मानसेवी, आणि तिला मिळते ते मानधन. केंद्राने २०१८ साली आपल्या हिशेबाने ठरविलेले सेविकेचे मानधन महिना ४,५०० रुपये होते. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातील सेविका व मदतनीस संपावर गेल्या, तो संप पन्नास दिवसांवर चालला. या सेविकाही बहुधा लहान मुलांच्या आयाच आहेत. दुसऱ्यांची मुले सांभाळणारीचे मूल कोण सांभाळते, हे त्या संपात कोणी विचारल्याचे आठवत नाही.

यावर दोन आक्षेप हमखास घेतले जातात. पहिला असा की, आईच्या मायेला पाळणाघर हा पर्याय होऊ शकत नाही. कोण म्हणते तो पर्याय आहे? सधन घरातील मूल बालवाडीत गेले की त्याला संस्कार म्हणायचे आणि मजुराचे मूल पाळणाघरात गेले की आईने माया टाकली म्हणायचे, हा दुटप्पीपणा आहे. खाजगी पाळणाघरांविषयी आयांना धास्ती वाटते, हे खरे. २०१६ साली खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला झालेली मारहाण अनेकांच्या स्मरणात असेल. पण त्यातून निघणारा निष्कर्ष देखरेखीचा आणि प्रशिक्षित, पुरेशा वेतनाच्या सेविकांचा आहे. आईला घरी बसविण्याचा नव्हे. आजी-आजोबा आहेत की, असेही सांगितले जाते. परंतु स्थलांतराने कुटुंबे विखुरली आहेत आणि आजीदेखील पुष्कळदा स्वतःच मजुरीला जाते. शिवाय आयुष्यभर राबलेल्या स्त्रीवर म्हातारपणी तिसरी पाळी लादणे हा न्याय नव्हे.

दुसरा आक्षेप पैशाचा. इथे अर्थशास्त्राचा विचार स्पष्ट असला पाहिजे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००० सालच्या मातृत्व संरक्षण कराराने असे तत्त्व मांडले की, प्रसूती लाभाचा खर्च सामाजिक विम्यातून वा सार्वजनिक निधीतून व्हावा, एकट्या मालकावर तो पडू नये. भारताने हा करार अद्याप मान्य केलेला नाही. आपल्याकडे राज्य कामगार विमा योजनेच्या कक्षेतील स्त्रियांना लाभ विम्यातून मिळतो, इतरांचा भार थेट मालकावर. त्यामुळे लहान धंदेवाला तरुण विवाहित मुलीला मुलाखतीतच परत पाठवितो. ज्यांना मालकच नाही त्यांच्यासाठी २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गरोदर व स्तनदा मातांना किमान ६,००० रुपये देण्याचे ठरविले होते. मातृवंदना योजनेने पहिल्या मुलाला ५,००० वर बोळवण केली. अर्ध्या वर्षाचा पगार एकीला आणि पाच हजार दुसरीला, ही मातृत्वाची वर्गवार किंमत आहे.

आणि आता २०२४ पासूनची महिना १,५०० रुपयांची योजना. गरीब स्त्रीच्या हातात पैसा पडतो, त्याला समाजवाद्यांनी नाक मुरडू नये. घरखर्चासाठी नवऱ्यापुढे हात न पसरण्याचे मोल ज्यांनी कधी हात पसरलाच नाही त्यांना कळणार नाही. पण १,५०० रुपये म्हणजे दिवसाला ५० रुपये. त्या ५० रुपयांत आठ-नऊ तास मूल सुरक्षित ठेवील, त्याला दोन वेळा खाऊ घालील अशी जागा बाजारात मिळत नाही. शाळा आणि दवाखाना यांप्रमाणे पाळणाघरही प्रत्येकीने सुटे सुटे विकत घेण्याची वस्तू नव्हे, ती एकत्र उभी करण्याची सेवा आहे. दहा आयांची मुले दोघी-तिघींनी सांभाळली तर बाकीच्यांचा दिवस मोकळा होतो, त्या दोघी-तिघींना रोजगार मिळतो आणि दहा थोरल्या मुली शाळेत जाऊ शकतात. एका खर्चातून इतके निपजविणारी सार्वजनिक गुंतवणूक अंदाजपत्रकात दुसरी शोधूनही सापडणार नाही.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. पाळणाघराचा हक्क आस्थापनेतील संख्येशी न जोडता मुलाशी जोडावा. राज्यघटनेचे ४२ वे कलम प्रसूती साहाय्याचे आणि २००२ च्या दुरुस्तीनंतरचे ४५ वे कलम सहा वर्षांपर्यंतच्या बालसंगोपनाचे आश्वासन देते, त्याला कायद्याचे रूप मिळावे. सर्व मालकांवर वेतनपटाच्या प्रमाणात, मग त्यांच्याकडे स्त्रिया असोत वा नसोत, अधिभार बसवून आणि सरकारने आपला वाटा घालून निधी उभारावा. स्त्री नेमण्याचा दंड अशा रीतीनेच नाहीसा होईल. अंगणवाड्या कामाच्या वेळेइतक्या चालाव्यात, जादा सेविका नेमाव्यात आणि त्यांना कर्मचाऱ्याचा दर्जा द्यावा. गळीत हंगामात प्रत्येक साखर कारखान्याने तोडकऱ्यांच्या तळावर पाळणाघर चालवावे, त्याशिवाय गाळपाचा परवाना मिळू नये.

परंतु मागणीपत्रक लिहून कर्तव्य संपत नाही. प्रत्येक शाखेने आपल्या वॉर्डात किंवा गावात तीन वर्षांखालची किती मुले आहेत, त्यांतील किती जणांच्या आया कामावर जातात आणि त्या वेळी मुले कुठे असतात, याची नोंद करावी. महिनाभराचे काम आहे. पन्नास कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांची यादी करून कामगार खात्याकडे विचारणा करावी. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातील महिला व बालकल्याणासाठी राखून ठेवायची दहा टक्के रक्कम कशावर खर्च झाली, हे ग्रामसभेत उठून विचारावे. १९७२ साली मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गृहिणी लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, तेव्हा स्वयंपाकघरातला तेलाचा भाव राजकारणाचा विषय झाला. पाळण्याचा प्रश्नही तसाच घराबाहेर आणावा लागेल.

आणि थोडी तपासणी घरच्या घरी. समतेवरची व्याख्याने रात्री नऊपर्यंत लांबतात, तेव्हा वक्त्याच्या आणि श्रोत्यांच्या घरी मुलांना कोण जेवू घालीत असते? बैठकांच्या वेळा अशा ठेवल्या जातात की लहान मुलांची आई येऊच शकत नाही आणि मग महिला कार्यकर्त्या मिळत नाहीत म्हणून खंत व्यक्त होते. पुढच्या अभ्यासशिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेत, वक्त्यांच्या नावांच्या आधी, शिबिराच्या जागी मुले सांभाळण्याची व्यवस्था आणि त्या पाळीवरच्या पुरुष कार्यकर्त्यांची नावे छापली जावीत. तेवढ्याने व्यवस्था बदलणार नाही, हे खरे. पण सरकारकडे आणि मालकांकडे जे मागायचे, त्याचा पहिला हप्ता आपल्या हातून चुकता झालेला असेल.